आसनावर कोण बसणार

“दम संपला म्हणून ओळ संपत नाही, पोरा. ती थांबते. आपण हवा भरून घ्यायची आणि जिथे ती उभी असेल तिथून तिचा हात धरून पुढे जायचं.”

चिमण तेव्हा सहा वर्षांचा असेल. आजोबांच्या छातीला पाठ टेकून बसला होता, त्यामुळे तो आवाज त्याला कानांनी कमी आणि पाठीच्या मणक्यांनी जास्त ऐकू आला होता. घोगरा, खालून वर येणारा, मध्येच भात्यासारखा सूं करणारा. आजोबा विहाराचे आचार्य होते, पण त्यांचं एक फुप्फुस तरुणपणीच निकामी झालं होतं. वंदनेची तिसरी ओळ त्यांना एका दमात म्हणता येत नसे. ते बरोबर मध्यावर थांबत, हवा घेत, मग पुढे जात. त्यांच्यासमोर बसलेली चाळीस घरांची मंडळीही थांबे. ज्यांच्या छात्या ढोलासारख्या होत्या तेही थांबत. त्यांची पोरं थांबायला शिकली, पोरांची पोरं शिकली. तीस-पस्तीस वर्षांत तो थांबा वंदनेचाच भाग होऊन गेला, आणि ती एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीतली अडचण होती हे सगळे विसरून गेले.

आता चिमण अठ्ठावीस वर्षांचा होता. दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून आत येणारा सहा फुटी माणूस. धम्म विद्यालयातली पाच वर्षं पुरी करून दोन वर्षं या विहारात सेवा करत होता. मंडळी त्याला धाकटे आचार्य म्हणत. घरात मात्र लहानपणी दाणे टिपल्यासारखा जेवायचा म्हणून पडलेलं नाव सुटायला तयार नव्हतं.

रविवारची वंदना संपून अर्धा तास झाला होता. विहार म्हणजे बाबांच्या वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानावरचा लांबट हॉल. पुढच्या भिंतीशी बुद्धमूर्ती, तिच्या डाव्या हाताला बुटक्या चौरंगावर आचार्यांचं आसन, आणि समोर बहात्तर खुर्च्या. त्यातल्या नऊ डुगडुगत्या. मंडळी घरी गेली होती. घरचे पाच जण खुर्च्या रचायला म्हणून मागे राहिले होते, पण अजून एकही खुर्ची हलली नव्हती. चिमणच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये समुद्रापलीकडून आलेलं पत्र.

“मोठ्याने वाच की,” ताई म्हणाली. ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिच्या नखांत प्लास्टरची पांढरी रेघ असे.

चिमणने वाचलं. तिकडच्या विहाराच्या सचिव बाईंनी मोजकं लिहिलं होतं. सहा जणांच्या मुलाखती झाल्या, सभासदांनी एकमताने त्याला निवडलं. मुदत तीन वर्षांची. दोन महिन्यांत रुजू व्हावं. गाडी चालवता येणं आवश्यक, कारण वृद्ध सभासद लांब लांब विखुरलेले. होकार असो की नकार, आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं, म्हणजे गरज पडल्यास दुसऱ्या उमेदवाराला उद्याच विचारता येईल.

“आणि शेवटी एक ओळ आहे,” चिमण म्हणाला. “‘आमच्या एका आजींचा प्रश्न आहे. वंदनेच्या तिसऱ्या ओळीत तुम्ही मध्येच थांबलात ते का? त्यांना वाटलं, लाइन कट झाली.’”

ताई खुदकन हसली. बाबाही हसले, पण काकांकडे बघून त्यांनी ते खोकल्यात घातलं.

“यात हसण्यासारखं काय आहे?” काका म्हणाले. “आपल्याकडे तसंच म्हणतात.”

“आपल्याकडेच म्हणतात, काका. विद्यालयात पहिल्या दिवशी मी थांबलो आणि अख्खा वर्ग पुढे निघून गेला. बस चुकल्यासारखा उभा राहिलो.”

“मग त्यांनी वाट बघायला हवी होती.”

आई शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. उठायच्या बेतात असल्यासारखी. ती कायम तशीच बसे. बावीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन खोलीत काम करत आली होती. कानाला यंत्र लावून, याचा आवाज त्याला आणि त्याचा आवाज याला जोडून द्यायचा. स्वतः मध्ये बोलायचं नाही, हा त्या खोलीचा नियम होता, आणि तो तिच्या अंगात इतका मुरला होता की घरातही कोणी तिला ‘तुझं काय म्हणणं’ असं विचारायच्या भानगडीत पडत नसे.

चिमणने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मुलाखतीत त्या सचिव बाईंनी सांगितलेलं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्यांचे आजे-पणजे लाकडाच्या वखारींत कामाला म्हणून तिकडे गेले होते. एका जुन्या धुलाईखान्यात विहार आहे, भिंतींवर अजून पाण्याचे नळ आहेत. चार वर्षं आचार्य नाही. गेल्या वर्षी एका सभासदाला निरोप देताना त्यांनी वंदना टेपवर लावली. टेप संपली तरी कोणी उठेना, कारण पुढे काय करायचं असतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तसेच बसून राहिले. शेवटी मृताच्या मुलीने उठून दिवे घालवले.

“मला जायचंय,” तो म्हणाला. “हे मी आधी सांगून टाकतो. मग तुम्ही बोला.”

*

काकांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला.

ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत. एकतीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूचा जादा ब्रेक पायाखाली ठेवून त्यांनी शहरातली निम्मी माणसं रस्त्यावर आणली होती. आता कुठेही, कोणीही जरा वेगाने पुढे निघालं की त्यांचा पाय आपोआप दाबला जाई. लग्नाच्या बोलणीत, विहाराच्या बैठकीत, टीव्हीसमोरसुद्धा.

“जायचंय ते कळलं,” ते म्हणाले. “इथलं काय ते सांग. ही चाळीस घरं. परवा त्या शिंपीणबाईंच्या नातवाचं नामकरण आहे. पुढच्या महिन्यात दोन लग्नं. पेंटरचे वडील आज जातील की उद्या असे झालेत. ते धुलाईखान्यात बसलेत म्हणून तुला कळवळा आला, आणि हे दुकानावर बसलेत म्हणून नाही?”

“काका, मी तसं म्हटलं का?”

“अरे, तू पाच वर्षं शिकत होतास तेव्हा पाहुणे आचार्य येत होते. महिन्यातून एकदा. मंडळी वाट बघत होती कारण त्यांना माहीत होतं, तू येणार. आता कोणाची वाट बघायला सांगू?”

“एखाद्याला इथे नेमता येईल,” ताई म्हणाली.

“विद्यालयाला मी तीनदा लिहिलं. इकडे यायला कोणी तयार नाही. सगळ्यांना मोठे विहार हवेत. तुझ्या भावासारखं.”

“टोमणा नको, काका. त्या विहारात साठच सभासद आहेत. आणि आठ महिने झाले, तुम्ही त्याला गाडीच्या परीक्षेला का बसवत नाही ते सांगा आधी.”

“त्याला अजून रिव्हर्स जमत नाही.”

“तुमच्याकडे पासष्ट वर्षांच्या बाई दोन महिन्यांत पास झाल्या.”

“त्या बाई आरशात बघतात.”

बाबांनी खाली मान घालून चष्मा पुसायला घेतला. चिमणलाही हसू आलं. पण काकांच्या कानाची पाळी लाल झाली.

काका उठून आसनाशी गेले. गादीवरची चादर सरळ होती तरी त्यांनी ती पुन्हा सरळ केली. हा हॉल त्यांनी उभं राहून बांधून घेतला होता. पायऱ्यांचे दगड त्यांच्या पहिल्या गाडीच्या डिकीतून आले होते. आचार्यांचा धाकटा मुलगा, विहाराची प्रत्येक चावी ज्याच्या खिशात, वंदना ज्याला झोपेतही येते, असा एकच माणूस होता. सात वर्षांपूर्वी, वडील शेवटच्या घटका मोजत होते त्या दुपारी, काका इस्पितळाच्या बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन, केस विंचरून आले होते. हाक येईल तेव्हा नीट दिसावं म्हणून.

हाक आली नाही. वहिनी टेलिफोन खोलीतली पाळी संपवून खाली आल्या, आत गेल्या, दहा मिनिटांनी बाहेर आल्या. सगळे दारापाशी उभे होते. “काय म्हणाले?” कोणीतरी विचारलं. वहिनींनी भिंतीचा आधार घेतला आणि म्हणाल्या, “चिमणला आसनावर बसवा म्हणाले.” त्यानंतर आचार्य शुद्धीवर आले नाहीत.

काका “बरं” म्हणाले होते. मग खाली जाऊन आपल्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या जागेवर, बराच वेळ बसून राहिले होते. शेजारी चालवायला कोणी नव्हतं.

हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आज अर्धं सांगितलं.

“मला काय वाटलं असेल त्या दिवशी, विचार केलास कधी?” ते चिमणकडे न बघता म्हणाले. “तू एकवीस वर्षांचा. जमिनीची मोजणी शिकत होतास. बूट चिखलाचे, तसाच आला होतास. त्यांनी तुझं नाव घेतलं. मी म्हटलं का, मी का नाही? एक शब्द बोललो? त्यांचा शब्द म्हणजे शब्द. मी पाळला. तुला नाही पाळवत?”



“पाळला की,” चिमण हळू म्हणाला. “मोजणी सोडली तेव्हा मला रडू यायचं, काका. विद्यालयात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना विचारतात, तू इथे का आलास. कोणी म्हणे शांती हवी, कोणी म्हणे दुःखाचा अर्थ लावायचाय. मी म्हणालो, माझ्या आजोबांनी जाताना माझं नाव घेतलं. त्या उत्तरावर मी पाच वर्षं काढली. परवा मुलाखतीतही तेच सांगितलं. पण आता काम आवडतं मला. खरंच आवडतं. आणि तिथे ते नुसते बसून आहेत.”

“मग इथे आवडू दे.”

*

ताई तणतणत जिना उतरली. बाबा आधीच दुकानात जाऊन बसले होते. घरात आवाज चढला की बाबा काट्यांच्या आसऱ्याला जात.

ते एका सोनाराच्या काट्याची तपासणी करत होते. मखमलीच्या खणातून पितळेची वजनं चिमट्याने उचलायची, ठेवायची, आकडा बघायचा. वजनाला बोट लावायचं नाही, बोटाच्या घामानेसुद्धा ते खोटं होतं, हे दोन्ही मुलांना बोलता यायच्या आधी शिकवलं गेलं होतं.

“बाबा, तुम्ही काही बोलणार आहात का आज?”

“काय बोलू? मला तुझ्या काकाचंही पटतं आणि चिमणचंही.”

“शोभतं तुम्हाला. काट्याचे डॉक्टर.”

“काटा बरा. एकीकडे झुकतो तरी.” त्यांनी चिमटा खाली ठेवला. “पोराला जायचंय गं. वंदनेला मी डुलक्या काढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो बोलायला लागला की मी जागा असतो. त्या लोकांनी मुलाखत घेतल्यापासून तो वेगळाच बोलतोय. पण बापाचा शेवटचा शब्द आहे. मी तो मोडा म्हणून कसं सांगू? मोठा मुलगा असून मी काही केलं नाही विहाराचं. मला कुठल्या तोंडाने…”

“आजोबा नेमकं काय म्हणाले होते?”

“तुझ्या आईला विचार. आत ती होती.”

“आई त्या दिवसाबद्दल बोलतच नाही.”

“नाही बोलत,” बाबा म्हणाले. त्यांनी एक छोटं वजन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. “आधी पहिल्या रांगेत बसायची. लक्षात आहे तुझ्या? तुझ्या आजोबांच्या समोर. ते गेल्यापासून शेवटच्या रांगेत जाऊन बसते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, पंख्याचं वारं लागतं.”

“पंखा तर मागे आहे.”

“तेच.”

ताई काउंटरला टेकून उभी राहिली. तिला एकाएकी ती तिसरी ओळ ऐकू आली, लहानपणीची, भरल्या हॉलमधली. आजोबा थांबत. सगळे थांबत. हवा भात्यात जाताना सूं होई. पण पूर्ण शांतता कधीच नसे. एक बारीक आवाज न थांबता ओळ धरून ठेवी. एखाद्याने दिवा विझू नये म्हणून ओंजळ धरावी तसा. ती समजायची, वंदना अशीच असते, मध्ये एक बाईचा आवाज असतो.

“बाबा, आजोबा थांबायचे तेव्हा आई थांबायची नाही.”

“कशी थांबेल? ती थांबली असती तर आजोबांना पुन्हा सूर सापडला नसता. त्यांनीच तिला सांगितलं होतं तसं. लग्न होऊन आली त्याच वर्षी. वंदनेतली सगळी सुत्तं त्यांनीच शिकवली तिला, या दुकानात बसून. मी काटे दुरुस्त करायचो, ते दोघं म्हणायचे.” बाबांनी चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. “का गं?”

“काही नाही,” ताई म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

*

आई मागच्या छोट्या खोलीत चहाचे कप धूत होती. छत्तीस कप, एकाचा कान तुटलेला. टेलिफोन खोलीत असताना, दोन माणसं आपसात बोलायला लागली आणि आपलं काम संपलं की तिला मनातल्या मनात ओव्या जोडायची सवय होती. तिच्या आईची जात्यावरची सवय, फक्त जातं गेलं होतं.

*दोन गावांच्या मधे बाई, तार ताणली ताणली*
*बोलणारे बोलून गेले, मी ओठांत जाणली.*

अशा कितीतरी. कागदावर एकही नाही.

ताई दाराशी येऊन उभी राहिली. “आई, आजोबांनी सुत्तं तुला शिकवली होती?”

“मग कोण शिकवणार? तुझे बाबा झोपतात.”

“आणि तू पेंटरच्या वडिलांकडे रोज जातेस.”

“इस्पितळातून येताना वाटेवर आहे त्यांचं घर.”

“वाटेवर नाहीये, आई. उलट्या बाजूला आहे.”

आईने कप उपडा घातला. पाच वर्षं, चिमण विद्यालयात होता तेव्हा, पाहुणे आचार्य महिन्यातून एकदा येऊन जात. मधले एकोणतीस दिवस माणसं आजारी पडायची राहत नसत. टेलिफोन खोलीत बसून तिला आधी कळे, कोणत्या मजल्यावर कोण आलंय. पाळी संपली की ती जाऊन बसे. हळू आवाजात त्रिशरण म्हणे, हात धरे, नातेवाइकांना दोन घास खायला लावी. कोणी त्याला सेवा म्हटलं नाही. ‘आचार्यांच्या सूनबाई येऊन गेल्या’ एवढंच म्हणत. तिलाही त्याला दुसरं नाव द्यायचं धाडस झालं नाही. कारण नाव दिलं असतं तर त्या दुपारचं सांगावं लागलं असतं. सासऱ्यांनी जे म्हटलं ते तिने सात वर्षं जसंच्या तसं कोणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही टोकांची माणसं जोडून देणारी बाई ती, आणि आयुष्यातला एकच निरोप तिने बदलून पोचवला होता. त्या बदललेल्या निरोपावर पोराचं सगळं आयुष्य उभं राहिलं. आता काढून घ्यायचा म्हणजे काय काय कोसळेल, याचा हिशेब तिला लागत नव्हता.

“ये बाहेर,” ताई म्हणाली. “चार वाजत आलेत. काका आणि चिमण दोघंही तोंडं पाडून बसलेत.”

हॉलमध्ये बाबाही वर येऊन बसले होते. काका खिडकीपाशी. चिमण पहिल्या रांगेत, कोपर गुडघ्यावर टेकून.

“मी विचार केला,” चिमण म्हणाला. तो प्रवचनात बोलायचा तसंच, सावकाश. “काका म्हणतात ते बरोबर आहे. मी गेलो तर इथे बसायला कोणी नाही. आणि आजोबांचा शब्द आहे. तो मोडून मी समुद्रापलीकडे जाऊन लोकांना कसलं शील सांगणार? मी नकार कळवतो.”

काकांचा पाय या वेळी दाबला गेला नाही. ते चिमणकडे बघत राहिले. जिंकल्यासारखे मुळीच दिसत नव्हते.

“तीनच वर्षं आहेत रे,” बाबा म्हणाले. “मी… म्हणजे काहीतरी मार्ग…”

“कुठला मार्ग, दादा?” काका म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता. “मी बसलो असतो. खरं सांगतो, आज कोणी म्हटलं तर बसेन. पण दोन वाक्यं बोलायला उभा राहिलो की मला घाम फुटतो. गाडीत बोलता येतं, कारण शिकणारा रस्त्याकडे बघत असतो. मंडळी माझ्याकडे बघायला लागली की संपलं. बाबांना माहीत होतं ते. म्हणूनच माझं नाव घेतलं नसेल.” ते जरा थांबले. “भेटीगाठी वहिनी बघतातच. शिंपीणबाई तर कशालाही आधी वहिनींनाच फोन करतात. पण आसनावर कोण बसणार, हा प्रश्न राहतोच ना.”

ताईने आईकडे पाहिलं. मग बाबांकडे. बाबांनी चष्मा काढला होता आणि तेही आईकडेच बघत होते, आकडा स्थिरावायची वाट बघावी तसे.

चिमणने फोन सरळ केला. “‘आदरणीय सचिव, आपल्या विश्वासाबद्दल आभार,’” तो टाइप करता करता पुटपुटला. “‘घरच्या जबाबदारीमुळे…’”

“चिमण,” आई म्हणाली. “ते पाठवू नकोस.”

“आई, तू नको आता त्रास करून घेऊस. मी ठरवलंय.”

“कशावर ठरवलंयस?”

“म्हणजे?”

आई पुढे आली. रांगा ओलांडताना तिने एका खुर्चीची पाठ धरली. ती डुगडुगणाऱ्यांपैकी निघाली, म्हणून सोडून पुढची धरली.

“भाऊजी, तुम्हीही ऐका. तुमच्याशीही मी खोटं बोलले.”

“वहिनी, काय बोलता?”

“बोलू द्या. मध्ये थांबले तर पुन्हा व्हायचं नाही.” तिचा आवाज टेलिफोनवरच्यासारखा होता, सपाट आणि स्पष्ट. “त्या दिवशी मी आत गेले तेव्हा ते जागे होते. पूर्ण शुद्धीवर. मला म्हणाले, दार लावून घे. लावलं. म्हणाले, चाळीस घरं तुला ओळखतात, तू त्यांना ओळखतेस. मी वीस-पंचवीस वर्षं तुला शिकवलं ते वेळ जात नव्हता म्हणून नाही. मी म्हटलं, बाबा, लोक काय म्हणतील, भाऊजी आहेत, हे आहेत. ते म्हणाले, धाकट्याला मी समजावलं असतं, पण आता दम नाही. तूच सांग.”

काका हळूच खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

“मी बाहेर आले. तुम्ही सगळे उभे. भाऊजी, तुमचे केस ओले होते, विंचरलेले. मी तुमच्याकडे बघितलं आणि माझी जीभ उचलेना. मग दिसला हा. चिखलाचे बूट, डोळे सुजलेले. नातवाचं नाव घेतलं तर कोणाला राग येणार नाही, असं वाटलं. एका क्षणात वाटलं आणि बोलून गेले. पुढे याने मोजणी सोडली, तेव्हा सांगायला हवं होतं. विद्यालयातून याची पत्रं यायची, ‘आजोबांसाठी करतोय’ म्हणून. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुला काम आवडायला लागलं तेव्हा मला वाटलं, आता झाकलेलं बरं.”

चिमणच्या हातातला फोन विझला होता. त्याचं तोंड सहा वर्षांच्या पोरासारखं उघडं राहिलं होतं.

“म्हणजे त्यांनी माझं नाव…”

“घेतलं नव्हतं. तुझ्यावर त्यांनी काही टाकलं नव्हतं, बाळा. मी टाकलं. तू जा. नको वाटत असेल तर जाऊ नकोस, मोजणीला परत जायचं तर तिकडे जा. पण आजोबांच्या शब्दासाठी म्हणून आता काहीच करू नकोस.”

तिने आसनाकडे पाहिलं नाही. काकांकडे पाहिलं.

“त्यांनी माझं नाव घेतलं होतं, भाऊजी. ‘आसनावर तू बस’ म्हणाले. मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. मला बसायचं होतं. मला अजून बसायचंय.”